नव्या सिस्टीमचा कंपायलर

परदेशात, बुओना व्हिस्टा स्टेशनला एमआरटी मेट्रोत मराठी कानावर पडलं आणि प्रणिता तिथंच दांडी धरून उभी राहिली. समोर लॅपटॉप उघडून बसलेला मुलगा आणि त्याची आई.

“सुगत, अडलंय कुठं?”

“मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय ना, तिच्यावर प्रोग्रॅम चालेना. जुन्या सिस्टीमच्याच वस्तू शोधत बसतो.”

“पहिल्या वर्षी तूही इथं असाच ज्वारीचं पीठ शोधत फिरायचास. मग?”

“आता तिच्यासाठी वेगळा कंपायलर बांधतोय. प्रोग्रॅम घडवायचं हत्यारच म्हण. पण तोही जुन्या सिस्टीमवरच बांधावा लागतो.”

“नेहमीच?”

“छे! नवी स्वतःचा कंपायलर स्वतः बांधायला लागली, की जुनी लागतच नाही.”

“अगदीच नाही?”

“अजिबात नाही.”

सेरंगून आलं. प्रणिताला उतरायचं होतं. दाराकडे जाताना मागून त्या आईचा आवाज आला.

“बरं. कायमचं राहायचा तो पीआर कधी मिळतोय म्हणालास?”