परत न आलेल्या मैत्रिणीबाबत

माझे नाव आणि ओळखपत्राचा तपशील हवालदारांनी वर उतरवून घेतला आहे. वय ६० वर्षे, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, राहणार स्कूलच्याच वरच्या मजल्यावर, बाजाराच्या मागची गल्ली. ओळखणारे सगळे मला ड्रायव्हिंगबाई म्हणतात. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून, विचारलेल्या प्रश्नांवर मी सांगते की,

जिच्याबद्दल तक्रार आहे ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. आमचा तिघींचा एकच बाक होता. मी, ती आणि आता निवृत्त झालेली नर्सबाई. ती आमच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, म्हणून तेव्हापासून धाकटी. साठीला टेकली तरी धाकटीच. शाळेच्या ऑफिसात कारकून होती, आता पेन्शन घेते. यजमान वारले, मुलगा-सून आणि तीन वर्षांचा नातू छोट्या यांच्याकडे राहते. म्हणजे घर तिचे, राहतात ते. पण तो आजचा विषय नाही.

तक्रार मला वाचून दाखवली. त्यात मुलाने म्हटले आहे की आम्ही तिघी दोन महिन्यांच्या परदेश प्रवासाला गेलो, दोघी परत आलो, त्याची आई हरवली, आणि मी तिला फूस लावून तिथे ठेवून आले. तिला साधी सायकलही येत नाही, मग ती परक्या देशात एकटी गाडी चालवत गेली हे कोण मानेल, असेही त्यात आहे. सायकल येत नाही हे खरे आहे. मोटार येते. मीच शिकवली, गेल्या हिवाळ्यात, दुपारच्या वेळात. घरी ती गुडघ्याच्या व्यायामाला जाते असे सांगून यायची. व्यायामाने किती फरक पडला हो, असे सुनेने मला रस्त्यात थांबवून सांगितले होते, आणि क्लच दाबून दाबून गुडघा खरोखरच सुधारला होता. तिचे लायसन्स पक्के आहे आणि परदेशात चालवण्याचा परवानाही तिने रीतसर काढला आहे. दोन्हीच्या प्रती मी सोबत आणल्या आहेत.

प्रवासाबद्दल विचारल्यावरून सांगते की, पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात आम्ही एकमेकींना विटलो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, केस वाळवायचे यंत्र आधी कोणी वापरायचे, यावरून नर्सबाई आणि मी दोन दिवस अबोला धरला होता. शेवटचा मुक्काम एका टेकडीवरच्या गावात होता. लोखंडी सामानाच्या दुकानावर एक खोली, दोन खाटा, एक घडीची कॉट. कॉटवर पाळीपाळीने झोपायचे ठरले होते, पण धाकटी रोज आधीच जाऊन तिच्यावर पडायची. घरची सवय. भाड्याची गाडी घेतली होती. तिकडे स्टिअरिंग उलट्या बाजूला असते. पहिल्या दिवशी मी, एवढी वर्षे दुसऱ्यांना शिकवणारी, ऐटीत जाऊन बसले तर समोर स्टिअरिंगच नाही, नुसता कागदपत्रे ठेवायचा कप्पा. दोघी पोट धरून हसल्या. मग धाकटी म्हणाली, मी बघू का? त्या दिवसापासून गाडी तीच चालवत होती.

निघायला चार-पाच दिवस राहिले असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. फोन चहाच्या किटलीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे आम्ही दोघींनीही सगळे ऐकले. जे ऐकले तसेच सांगते.

मुलगा म्हणाला, "आई, ऐक ना, पहिल्या तारखेपासून मावशींना नको म्हणून सांगितलंय. दोघींनाही."

धाकटी म्हणाली, "दोघी? दोघी कोण?"

"अगं, एक स्वयंपाकाला आणि एक छोट्याला सांभाळायला. तू नव्हतीस ना इथे, मग काय करणार? चांगल्या होत्या तशा. छोट्या तर त्यांच्या हातून निमूट जेवायला लागलाय. फक्त रविवारी फार तारांबळ व्हायची. दोघींनाही रविवारची सुट्टी."

धाकटी "बरं" म्हणाली. छोट्याला पापा दिला, फोन बंद केला आणि हसायला लागली. एवढी हसली की नर्सबाईने तिचा हात धरून नाडी बघितली. हसणे थांबल्यावर म्हणाली, "मी एकटीच दोघी होते गं. आणि त्याही बिनसुट्टीच्या."  त्या रात्री खिडकी उघडी राहिली आणि त्यावरून भांडणही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीची किल्ली घेऊन एकटी गेली. जेवायच्या वेळेला आली तेव्हा कपाळावर ऊन लागल्याच्या खुणा होत्या. टेकडीच्या पलीकडे एक मोठे तळे आहे, तिथपर्यंत जाऊन आले म्हणाली. मग उभ्या उभ्याच सांगितले की मी येत नाहीये. व्हिसा अजून तीन महिने आहे, पेन्शन माझी आहे, गाडीचे भाडे मी वाढवून घेतलेय.

फूस कोणी लावली, असे साहेबांनी मला तीनदा विचारले. तिन्ही वेळा सांगितले ते पुन्हा सांगते. नर्सबाईने तिला परतायला सांगितले. जरा नातवाचा विचार कर, असे ती म्हणाली. त्यावर धाकटी म्हणाली, "त्याचाच करतेय. त्या मावशीच्या हातून तो मुकाट्याने जेवतो. मला मात्र घरभर पळवतो." मी तिला राहा म्हटले नाही आणि चलही म्हटले नाही. मी गप्प बसले. गप्प बसण्याचे खरे कारण असे की मला तिचा राग आला होता. मलाही राहायचे होते. पण माझी एक बॅच परीक्षेला बसायची होती आणि स्कूलला कुलूप लावून आले होते, आणि असे काही आपल्याला करता येते हे मला तोपर्यंत सुचलेच नव्हते. मी बाकीच्यांना गाड्या शिकवते. ती गाडी घेऊन गेली. हा फरक आहे, आणि तो लिहून घ्या.

उरलेल्या दिवसांत आम्ही काय केले, तर काही नाही. तिच्या गाडीची चाके तपासली. पंक्चरचे चाक बदलायला तिला माझ्यासमोर दोनदा लावले, दुसऱ्या वेळी न सांगता जमले. नर्सबाईने तिच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत भरून त्यावर वेळा लिहिल्या. माझा जाड स्वेटर मी तिच्या पिशवीत ठेवला. तो मी विसरून आले असे घरी सांगितले आहे, ते खोटे आहे.

निघायच्या दिवशी विमानतळावर आम्हाला तिनेच सोडले. घाटाचा रस्ता होता. नर्सबाई मागे डोळे मिटून बसली होती. मी शेजारी. शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, त्या सवयीने मी प्रत्येक वळणावर पाय दाबत होते. खाली पेडल नव्हते आणि त्याची गरजही पडली नाही. विमानतळाच्या दारात गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. बॅगा उतरवल्या तेवढ्यात मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला आणि तिथला रखवालदार हात हलवत आमच्याकडे यायला लागला. नीट निरोप घ्यायचा राहिला. मी खिडकीतून वाकून "आरसा बघ" एवढेच म्हणाले. तिने आरसा बघितला, बाहेरच्या रांगेत गाडी घातली आणि गेली. इंडिकेटर बंद करायला विसरली. दिसेनाशी होईपर्यंत तो चालू होता. ते तिला अजून जमत नाही.

परत आल्यावर मुलगा आम्हाला घ्यायला आला होता. त्याने आमच्या मागे बघितले, मग पुन्हा बघितले. मला त्याची दया आली. मुलगा वाईट नाही, हे मी माझ्याकडून लिहून देते. दारू नाही, आवाज चढवत नाही. आईला 'जरा बस गं' असे दिवसातून चारदा म्हणतो. ती खरोखर बसली तर घराचे काय होईल, हे मात्र त्याने कधी बघितले नव्हते. आता बघतो आहे.

ती हरवली आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर, नाही. मुलाने सोमवारी तिला फोन केला आणि तिने तो उचलला, हे त्याने आज बाहेरच्या बाकावर मला स्वतः सांगितले. ती त्याला म्हणाली की मी बरी आहे, जेवते, झोपते, व्हिसा संपायच्या आत येईन, तोवर मावशींना परत बोलाव, आणि बोलावशील तेव्हा त्यांचा रविवार मोडू नकोस. ती बोलली तशी येईलही. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला थांबणारी बाई आहे, कायदा मोडायची नाही. एवढे बोलणे झाल्यावर त्याने मंगळवारी आई हरवल्याची तक्रार दिली. फोन उचलून बोलणारे माणूस हरवलेले कसे, हे मी साहेबांना विचारले. साहेबांनी पेन खाली ठेवले आणि चहा मागवला.

त्यानंतर हवालदार म्हणाले, "काकू, पत्ता देऊन टाका ना. मुलगाच तर आहे, परका कोण आहे?"

तिच्या नव्या मुक्कामाचा पत्ता माझ्याकडे आहे. विमानतळावर जाताना तिने दिला. मला काही झाले तर उपयोगी पडेल म्हणाली. मी विचारले, मुलाला देऊ का? तेव्हा ती गाडी चालवत होती, समोर बघतच बोलली. म्हणाली, "नको. तो एकटा आला तर मी त्याला चहा करून देईन आणि परत पाठवीन. पण छोट्याला कडेवर घेऊन दारात उभा राहिला तर मी येईन गं. मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून तू म्हण."

मुलाने दोन तिकिटे काढली आहेत, एक स्वतःचे आणि एक छोट्याचे. पुढच्या शनिवारची आहेत. मोबाईलवर मला दाखवली.

तरी पत्ता विचारल्यास माझे उत्तर असे की, तो मला माहीत आहे आणि मी तो देणार नाही. मुलाला नाही, साहेबांना नाही, पुन्हा बोलावले तरी नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "माझ्या सांगण्यावरून" असे आले होते, ते मी खोडायला लावून "तिच्या मर्जीने" असे लिहून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. पत्त्याबद्दलचे वाक्य वगळू का, असे हवालदारांनी विचारले. मी नाही म्हणाले, आणि त्या वाक्याखाली वेगळी सही केली आहे.