निघालेली चिप

पिंप्राळ्यात हाशमच्या रिपेरिंगच्या दुकानात हेमलता बंद फोन घेऊन ताटकळली होती. तिच्या पुढे रेडिओ घेऊन ईश्वर नाना बसलेले.

"नाना, चिप परत सुटली?"

"सुटनी ना, हाशमभाऊ."

"सुटली नाही, काढलीय. चिपच्या पायांखालून बारीक तार ओवून, एकेक पाय तापवत ओढलीय. बोर्डाला ओरखडासुद्धा नाही."

"बरी निंघनी का?"

"माझ्यापेक्षा बरी. ही युक्ती मीच दाखवली होती ना, गेल्या खेपेला?"

नाना रेडिओच्या झाकणाचे स्क्रू गोळा करू लागले.

"नाना?"

"मंग लाई दे ना परत. माले काही घाई नही."

"लावतो. चहा घ्या. पण उद्या रेडिओ घरीच राहू द्या, नुसते या."

"नुसता कसा येऊ, भाऊ? दुकान शे ना हाई."