बोर्डाची पूजा

घराचं वायरिंग बदलणं सोपं, आमच्या दादांचं मत बदलणं अवघड, हे मी अनुभवानं सांगतो. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. "निजामाच्या काळची वायर आहे, अस्सल तांबं. कशाला हात लावतोस?" हे त्यांचं ठरलेलं. न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येत, पण दादांच्या मते तो संधिवात होता.

शेवटी मीच वायरमन सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी जुन्या वायरी उपटल्या, अर्थिंग केलं आणि शॉक बसताच वीज तोडणारा स्विच बसवला. बोर्डाचं झाकण तेवढं राहिलं. ते आणायला शहागंजला जाताना त्यांनी बजावलं, "इसकू हात नक्को लगाव." दादांना पंखा हवा होता, म्हणून वीज चालूच राहिली.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. पाहतो तर दादा सोवळं नेसून, पळी-पंचपात्र घेऊन बोर्डासमोर उभे!

"दादा, पाणी नको!"

"नवं यंत्र आहे. पूजा नको?"

पळीभर पाणी उघड्या बोर्डावर पडलं. दादा किंचाळले, नव्या स्विचनं खटकन वीज तोडली.

सलीमभाई परत आले. ओला बोर्ड आणि पांढरेफटक पडलेले दादा पाहून म्हणाले, "पंडितजी, पानी कायकू डाले? ये स्विच नई रैता तो आज गए थे तुम!"

दादांनी उपरणं सावरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तरी बरं, पूजा वेळेवर केली."