गालावर ओरखडा असलेला राजा

शाळेतल्या बाई सोनाराकडे कानातल्याची फिरकी बदलायला बसल्या होत्या. कान मोकळेच होते, त्यामुळे शेजारच्या वयस्कर जोडप्याचं सगळं बोलणं त्यात पडत होतं. काकूंच्या हातात जुनं रोमन नाणं बसवलेलं पेंडंट होतं.

“अहो, या राजाच्या गालावर केवढा ओरखडा!”

“दोन हजार वर्षांत तेवढं चालायचंच. तरी तुझ्या भावापेक्षा देखणा आहे.”

“माझ्या भावाला मध्ये आणू नका. एवढं मोठं कशाला निवडलंत?”

“ऑपरेशनचा व्रण झाकेल. गळ्याचा स्कार्फ तरी सुटेल तुझा.”

“खरं बोललात एकदाचे!”

सोनाराने विचारलं, “काकू, ओरखडा नसलेलं दाखवू?”

“नको, हेच द्या. साखळी मात्र लांब करा.”

“अगं, मग व्रण दिसेल की!”

“दिसू दे. हा राजा कुठे तोंड लपवून बसलाय?”