सगळे चेहरे एकाच एजन्सीला

तृप्ती : दाबू का मग?

वीरेंद्र : थांब.

तृप्ती : सकाळपासून थांबूनच राहिली मी. आज शेवटचा दिवस आहे. एजन्सीचा मेल तुम्हाले दोनदा वाचून दाखवला.

वीरेंद्र : आपले फोटो आज चार एजन्स्या इंटरनेटवर जाहिरातवाल्यायले विकून राहिल्या. हे बटण दाबलं का बाकीच्या तिघींकडून सगळे काढा लागतात. इतक्या वर्षांचं काम एकाच्या हाती. उद्या त्यायनं आपलं खातं बंद केलं, तं कोणाले फोन लावशीन? त्यायचा नंबर तरी आहे का आपल्यापाशी?

तृप्ती : अन् चार ठिकाणी ठेवून काय होऊन राहिलं? लोक आता फोटो विकत नाही घेत. मशीनले सांगतात, मशीन बनवून देते. ही एकच एजन्सी म्हणते का आमाले खरी माणसं पाहिजेत, फक्त आमच्यासाठी. हिस्सा जवळपास दुप्पट. लग्नाच्या फोटोचं काम तं तुमच्या हातून गेलंच. ड्रोनवाले पोट्टे घेऊन गेले.

वीरेंद्र : मी नाही म्हणून नाही राहिलो.

तृप्ती : हो बी म्हणून नाही राहिले.

वीरेंद्र : एक अट आहे. फोटो एकदा त्यायच्याकडे गेला का तीन वर्षं काढता येत नाही. आपण स्वतः म्हटलं तरी नाही.

तृप्ती : आपण कायले काढू? विकायलेच तं टाकतो.

वीरेंद्र : टेकचंदकाकाचा फोन आला होता. वरठीहून.

तृप्ती : त्यांचं काय आता मधातच?

वीरेंद्र : ‘दुकानात हाएस का’ इतकंच विचारलं अन् ठेवून दिला. तवापासून माहं कशात ध्यान नाही.

तृप्ती : गावचे काका आहेत. भंडाऱ्याले आले तं स्टुडिओत चहा पिऊन जातील. घाबरता कायले?

वीरेंद्र : हे पाह्य. काल मोबाईलवर आलं.

तृप्ती : विम्याची जाहिरात... ‘घरधनी अचानक गेले तर?’... अगं बाई! ही तं सुलोचनाकाकू. टेकचंदकाकांची... आपण धानाच्या रोवण्याच्या वक्ती काढलेला फोटो हा.

वीरेंद्र : नीट पाह्य.

तृप्ती : कुकू कुठं आहे?

वीरेंद्र : पुसलं. कॉम्प्युटरवर. हातातल्या बांगड्या बी काढल्या.

तृप्ती : आपण तं नाही पुसलं.

वीरेंद्र : विकला आपण.

तृप्ती : काकांनी पाहिलं असन?

(बाहेर सायकल उभी केल्याचा आवाज. टेकचंद घाम पुसत आत येतो.)

टेकचंद : पानी दे ओ पोरी पहिले. वरठीपासून सायकल हाणत आलो.

तृप्ती : सायकलनं? मोटारसायकल कुठी गेली काका?

टेकचंद : चाबी तुह्या काकूनं तांदळात पुरली. तीन दिवस झाले, लोखंडाच्या प्लांटमधी ड्युटीवर जाऊ देत नाही. म्हणते, भट्टीपाशी जाऊ नका, रोडनं जाऊ नका. न्हानीत गेलो तरी दारापाशी उभी राहते. मी जित्ता हाओ बाप्पा, तिच्यासमोर बसून भाकर खाऊन राहिलो, तरी ऐकत नाही.

वीरेंद्र : काका, मी नाही पुसलं ते.

टेकचंद : मालूम आहे रे. तुले मारायले नाही आलो. तुले मारायचं असतं तं सायकलनं आलो असतो का? ताकद उरली कुठी!

वीरेंद्र : काकूले दाखवलं कोणी?

टेकचंद : मीच ना, येड्यानं! प्लांटमधी पोट्ट्यायनं दाखवलं, टेकचंदभाऊ, वहिनी मोबाईलमधी आली. माही छाती अशी फुगली. घरी जाऊन हसत हसत तिच्यासमोर धरलं.

तृप्ती : अन् तुम्हाले कपाळ नाही दिसलं?

टेकचंद : रोज पाहतो ना तिले. नसलं तरी मले कुकू दिसतेच. तिनं पाहिलं अन् मोबाईल पालथा ठेवला. तवापासून धड जेवली नाही. फोटो काढला त्या दिवशी तं चहाची किटली कवा येते म्हणून वावरात बांधीच्या पाळीवर बसून वाट पाहून राहिली होती बिचारी. आता लोकायले वाटते, नवरा मेला म्हणून बसली.

वीरेंद्र : काका, ज्यायनं घेतला त्यायच्यापासून वापस नाही आणता येत.

टेकचंद : अन् पुढं?

वीरेंद्र : पुढं विकणं बंद करता येते. आज.

तृप्ती : जरा इकडं या तुम्ही.

वीरेंद्र : काकासमोरच बोल.

तृप्ती : त्या एजन्सीनं मेलमध्ये सगळ्यात वर कोणता फोटो लावला? हाच. हा काढला तं ते आपल्याले घेतील कायले?

टेकचंद : कोण घेते? काय घेते?

वीरेंद्र : एक मोठी एजन्सी आहे काका. म्हणते, तुमचे सगळे फोटो आमालेच द्या, दुसऱ्या कोणाले नाही. घर चालन आमचं. पण तीन वर्षं एकही वापस मागायचा नाही.

टेकचंद : म्हणजे उद्या कोणाले वाटलं का ह्या बाईचं घर बी जाळून दाखवू, पोरगं बी मेलं दाखवू...

वीरेंद्र : करू नये असं नियमात लिहिलं आहे. पण करणारा विचारून नाही करत.

टेकचंद : मी तुमच्या पोटावर पाय द्यायले नाही आलो, वीरू. पण भट्टीसमोर उभं राहणं माहं काम आहे. आजवर भेव म्हणून नाही वाटलं. आता डोळे मिटले का तिचं ते कोरं कपाळ दिसते. तिले मी हसतो. पण आज सायकलवर मागून ट्रक आला, तं मी खाली उतरून उभा राहिलो.

वीरेंद्र : तृप्ती, सरक.

तृप्ती : चारही ठिकाणाहून?

वीरेंद्र : चारही.

टेकचंद : थांब, तिच्या कानावर पडू दे... हालो, ऐक. वीरू काढून राहिला तो फोटो. हो, माह्या डोळ्यासमोर. हो, बसलो हाओ, पंख्याखाली... नाही ओ, पंखा नाही पडत... बरं, सरकून बसतो.

तृप्ती : चहा ठेवू काका?

टेकचंद : नको पोरी. उशीर झाला तं ती रस्त्यावर येऊन उभी राहीन. जातो... नाही, येतो. येतो मी.

वीरेंद्र : साइडनं जा काका.

तृप्ती : ...गेले. एजन्सीचं पान अजून उघडंच आहे. हा एक सोडून बाकीचे घेतीलही. दाबून पाहू?

वीरेंद्र : बाकीच्यात माणसं कोण कोण आहेत?

तृप्ती : पितळेच्या दुकानातले ते म्हातारबा. तुमचे बाबा. मी. आपली रुपा.

वीरेंद्र : रुपाचे कोणते?

तृप्ती : शाळेच्या ड्रेसमधले. झोपाळ्यावरचा. अन्... तो तापाचा. चांगली खेळून राहिली होती पोरगी. मीच निजवली तिले, कपाळावर ओली पट्टी ठेवली. आजारी लेकरांचे फोटो जास्त जातात म्हणून.

वीरेंद्र : हं.

तृप्ती : बंद करते मी हे पान. नाही दाबत.

वीरेंद्र : बंद कर. अन् तो रुपाचा काढ पहिले.

तृप्ती : काढते... विकला गेला असन ना तो?

वीरेंद्र : गेला. लई वेळा.

तृप्ती : कोणी घेतला?

वीरेंद्र : ते आपल्याले दिसत नाही.