मोर्णेकाठच्या पाच कलाल्या

अमेरिकेत लढाई चालू होती, वऱ्हाडात कापूस तेजीत होता, त्या साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या जुन्या शहरातली आमच्या कलाल्या, म्हंजे दारूची दुकानं, बंद झाली. पाच होती, चार बंद झाली. पाचवं माह्या सख्ख्या भावाचं, गणपतचं.

मी कलालाची पोर, कलालाच्याच घरी देल्ली, माहेर-सासर एकाच गल्लीत, मोर्णेच्या काठाले. नवऱ्याचे पाय गेले तसं दुकान मीच चालवलं, मोहाची दारू मीच गाळली. काय सांगू तुमाले, बार्शीटाकळीकडून कापसाच्या गाड्या येत त गल्लीत बैल सोडाले जागा नसे. एका गाडीवानाच्या बैलावर मखमलीची झूल अन् हा सोता फाटक्या धोतरात. मी म्हणो, दादा, बैलालेच आत पाठव, पाहुणा तोच दिसते. हासत बसे मेला.

त आमची रीत अशी, दसऱ्याले पाची भट्ट्यांच्या तांब्याच्या नळ्या एकाच घरी पूजेले ठेवाच्या, सकाळी ज्याची त्यानं न्यावी. नळीबिगर दारू गळत नाही, तरी त्या घराले कोणी कधी कुलूप लावलं नाही. त्या साली पाळी गणपतची. मी नळी चिंचेनं घासून नेली. भावजयीनं तिले हळदकुंकू लावलं, गणपतनं मले आपट्याचं सोनं देल्लं, म्हणे बाई, सोन्यासारखी राह्य.

सकाळी गेली त दारात सरकारी शिपाई. साऱ्या जुन्या शहराचा मक्ता गणपतनं घेतला होता, आता भट्टी एकच, त्याची. मक्त्याचा कागद लिहून महिना झाला होता, आमाले पत्ता नाही. शेजारचा म्हातारा कलाल म्हणे, गणपत, नळी दे रे, पूजेची हाय. गणपत म्हणे, काका, कायदा हाय, माह्या हातात काही नाही. मी म्हटलं, काहून रे, काल सोनं देताना हात होते ना? तो शिपायाकडे पाहे, माह्याकडे नाही. आमी आपल्या पायानं नळ्या नेऊन देल्ल्या, शिपायाले एक घर हुडका लागलं नाही.

चारी दुकानांत आता सरकी भरली हाय. मी वखारीत कापूस निवडतो.

त्याच साली भाऊबीजेले गणपत आला, सोताच पाट मांडून बसला, म्हणे बाई, ओवाळ. मी तबक घेऊन अंगणात गेली अन् चंद्राच्या कोरीले ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. आत आली तवा पाट रिकामा होता. त्यानंतर तीन दिवाळ्या झाल्या. तो आला नाही.