वनमालाबाईंचं पोस्टकार्ड

गुणाजी : म्हणजे वनमालाबाईंच्या पत्राला उत्तर अजून गेलेलंच नाही.

सर्वेश : जाईल ना, अण्णा. कुठे पळून चाललंय?

गुणाजी : दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आलं होतं. आता तुळशीचं लग्नसुद्धा झालं.

सर्वेश : बालवाडीचं पत्र आहे, कोर्टाचं समन्स नाही.

गुणाजी : तसं नाही रे. परवा लवूला आणायला गेलो होतो. भिंतीवर सगळ्या बापांची पोस्टकार्डं लावलीत. वर पोराचं नाव, खाली कार्ड. आपल्या लवूच्या नावाखाली नुसती टाचणी आहे.

सर्वेश : एकट्याच्याच?

गुणाजी : एकट्याच्याच. काशीराम टेम्पोवाल्याचंसुद्धा आलंय. त्याने शेजाऱ्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. लवू त्या टाचणीकडे बघत उभा होता. मला म्हणाला, “आज्या, पोस्टमनान माझा कार्ड हरवल्यान.”

सर्वेश : मग तुम्ही काय म्हणालात?

गुणाजी : हो म्हणालो. नातवाशी खोटं बोललो, आणि बिचाऱ्या पोस्टमनवर ढकललं.

सर्वेश : मुळात त्या बाईंची आयडियाच फालतू आहे. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना? तिथे टाकायला सांगा, दोन मिनिटांचं काम. नाही. पत्ता घातलेलं कोरं कार्ड घरी पाठवणार, बाबांनी स्वतः लिहायचं, पेटीत टाकायचं, पोस्टमन ते बालवाडीत आणणार आणि बाई पोरांसमोर मोठ्याने वाचणार. एवढा तमाशा!

गुणाजी : पोरांना पोस्टमन बघायला मिळतो. मला तरी आवडलं. आणि प्रांजलने लॅबची ड्यूटी सांभाळून आयांचं कार्ड जुलैतच पाठवलं की.

सर्वेश : आयांना सोपं होतं. ‘मुलाला काय आवडतं ते लिहा.’ तिने लिहिलं, ‘आमच्या लवूला सोलकढी आवडते.’ संपलं. आम्हाला काय? ‘मुलाने तुम्हाला विचारलेला, आणि तुम्हाला उत्तर न आलेला, एक प्रश्न लिहा.’

गुणाजी : मग लिही की. पोरगं दिवसभर दुसरं करतं काय?

सर्वेश : तुम्हाला विचारतं.

गुणाजी : आं?

सर्वेश : तुम्हाला विचारतं. आईला विचारतं. खालच्या इस्त्रीवाल्याला विचारतं. मला नाही. पाच वर्षांचा झाला, मला एक धड प्रश्न विचारला नाही त्याने. मी आंघोळीला गेलो की बाहेर तुमच्या दोघांची मैफल चालू असते. खिदळणं काय, गप्पा काय. मी दार उघडलं की सगळं चिडीचूप. ऑफिसात साहेब आल्यासारखं.

गुणाजी : तू कामावरून दमून येतोस म्हणून…

सर्वेश : सगळेच बाप दमतात, अण्णा. काशीराम दमत नाही?

गुणाजी : एक विचारू? रागावू नकोस. माझी वही चाळलीस ना तू?

सर्वेश : कुठली वही?

गुणाजी : लवूचे प्रश्न लिहून ठेवतो ती. मी खुणेला जुनं कॅलेंडरचं पान घालतो. ते वेगळ्याच जागी होतं.

सर्वेश : …चाळली. बुधवारी.

गुणाजी : चाळायची की. चोरून कशाला?

सर्वेश : अख्खी भरलीय हो! तारीख, वार, सुवाच्य अक्षर. ‘मासो पाण्यात रडलो तर कोणाक कळता?’ ‘कावळ्याचा घरटा रात्री कोण राखता?’ पोरगा माझा, आणि तो काय बोलतो ते मला तुमच्या वहीत वाचावं लागतंय. मग मी तो कावळ्याचा उचलला. कार्डावर लिहिला, पेन्सिलीने.

गुणाजी : मग?

सर्वेश : मग पुसला. बाई मोठ्याने वाचणार, आणि हा पठ्ठ्या उभा राहून सांगणार, “ह्यो मी आज्याक विचारललो!” सगळ्या वर्गासमोर वाट लागली असती माझी. हे बघा, पुसल्याचा डाग अजून आहे.

गुणाजी : मी काय म्हणतो… त्यातला एखादा घे तू. मी लवूला समजावून सांगतो, की…

सर्वेश : माझ्याच पोराचा प्रश्न मला उसना देताय?

गुणाजी : चुकलं. मला नीट बोलता येत नाही.

सर्वेश : त्याच्याशी बरं येतं. आता सांगाच. मी लहान होतो तेव्हा कुठे होती ही वही? कारखान्यातून यायचात, चहा घ्यायचात आणि पेपर उघडायचात. मी पेपरच्या मागच्या पानाशी बोलायचो. तिसऱ्यांदा हाक मारली की आई म्हणायची, “गप ऱ्हव, अण्णा वाचतत.” मला वाटायचं, एवढी पुस्तकं वाचणारा माणूस, त्याला माझे प्रश्न बावळट वाटत असणार.

गुणाजी : बावळट नव्हते रे. एकदा तू विचारलंस, विजेच्या तारेवर पाखरू बसतं, त्याला शॉक का लागत नाही?

सर्वेश : मला आठवत नाही.

गुणाजी : मला आठवतं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. वाचनालयातून पुस्तकं आणायचो म्हणून अख्खी चाळ मला हुशार समजायची, आणि तूही. म्हटलं, आता ‘माहीत नाही’ म्हटलं तर हा काय म्हणेल? म्हणून पेपर जरा वर धरला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन शोधलंसुद्धा. सापडलं.

सर्वेश : मग सांगितलं का नाहीत?

गुणाजी : तू परत विचारलं नाहीस.

सर्वेश : …आणि लवूला ‘माहीत नाही’ सांगता?

गुणाजी : रोज. या वयात कोणाची लाज? त्याला तर तेच आवडतं. टाळ्या पिटतो, “आज्याक येणा नाय!”

सर्वेश : म्हणजे माझ्या वाट्याला यायचं होतं ते सगळं त्याला. आधी तुमच्यावर जळत होतो, आता पाच वर्षांच्या पोरावरपण जळतोय. झकास चाललंय माझं.

गुणाजी : तो तुला का विचारत नाही, ते मला सांगितलंन त्याने.

सर्वेश : तेही वहीत आहे?

गुणाजी : नाही. ते लिहवेना.

सर्वेश : बोला.

गुणाजी : म्हणाला, “पप्पांका इंग्लिशमधून विचारूचा लागता. माका इंग्लिशमधून प्रश्न येणत नाय.”

सर्वेश : पण ते त्याच्याच भल्यासाठी ना? पुढच्या वर्षी इंग्लिश शाळेत घालायचाय. त्याच्या इंग्लिश क्लासच्या कागदावर छापलंय, घरात एकाने तरी फक्त इंग्लिशच बोलायचं. तुम्ही त्याच्याशी गावचं बोलता, प्रांजल मराठी. मग उरलो मीच. अण्णा, मी रोज मोठमोठ्या टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो. तिथली माणसं इंग्लिश झाडायला लागली की मी नुसता ‘येस सर, येस सर’ करत उभा. माझ्या पोराने कोणासमोर तसं उभं राहायचं नाही.

गुणाजी : तो तुझ्यासमोर तसाच उभा राहतो रे. आणि हा बघ, खेळून आला वाटतं. जिन्यात आवाज येतोय. मी जरा पाव घेऊन येतो.

सर्वेश : पाव सकाळीच आणलेत.

गुणाजी : मग खारी आणतो. लवू, चपला काढून भितर जा. पप्पा आसत घरात.

लवू : पप्पा, आय अॅम कम. व्हेअर आज्या गोइंग?

सर्वेश : खारी आणायला. ये, बस.

लवू : येस, पप्पा.

सर्वेश : लवू, आज इंग्लिश नको.

लवू : …होल डे?

सर्वेश : उद्यापण नको. आज्याशी बोलतोस तसं बोल माझ्याशी.

लवू : तुका येता?

सर्वेश : तुझी आजी तसंच बोलायची. मोडकातोडका येता माका.

लवू : पप्पा ‘माका’ म्हणालो! परत म्हण!

सर्वेश : माका. बास? आता तू मला काहीतरी विचार.

लवू : काय?

सर्वेश : काहीपण.

लवू : असा सांगून येणा नाय.

सर्वेश : बरं, राहू दे. मी माझी कामाची बॅग साफ करतो. तू बस नुसता.

लवू : …ह्या काय?

सर्वेश : लिफ्टच्या दाराचं चाक. झिजलंय बघ. हात काळे होतील.

लवू : पप्पा, लिफ्ट वर गेली काय खालती भोक पडता ना? त्यात माणूस पडलो तर?

सर्वेश : नाही पडत. लिफ्ट समोर येऊन थांबल्याशिवाय बाहेरचं दार उघडतच नाही. आतून कुलूप असतं. आधी ते कुलूप बसलं पाहिजे, मगच मोटार फिरते. तेच मी तपासत असतो दिवसभर… अरे! हा प्रश्न झाला की! छ्या, पण उत्तर आलं मला.

लवू : उत्तर इला तर वायट?

सर्वेश : नाही रे राजा, चांगलंच. कार्डासाठी तेवढं वाईट.

लवू : तुका सगळा येता?

सर्वेश : सगळं कोणालाच येत नाही.

लवू : आज्याक तर कायच येणा नाय. तो नुसतो लिवता. पप्पा…

सर्वेश : हं.

लवू : आज्याकडे माझी वही आसा. तुझी खय आसा?

सर्वेश : माझी?

लवू : तू ल्हान होतस तेव्हाची. तुझ्या प्रश्नांची. हरवली?

सर्वेश : माहीत नाही रे, लवू.

लवू : पप्पाक येणा नाय! पप्पाक येणा नाय!

सर्वेश : नाही येत. हळू बोल, आज्या येईल. जा, ते टीव्हीवरचं पेन आण.

(संध्याकाळी, रस्त्यावरच्या लाल टपालपेटीसमोर.)

गुणाजी : उद्या सकाळी पेटी उघडतील. दोन-तीन दिवसांत पोचेल. दे इकडे, मी टाकतो.

सर्वेश : नको. लवू टाकेल. मी उचलतो त्याला.

गुणाजी : मी वाचत नाही रे. चष्मापण नाही आणलेला.

सर्वेश : तरी नको.

गुणाजी : विचारलंन म्हणजे तुला. चांगला होता प्रश्न?

सर्वेश : मला उत्तर नाही आलं.

गुणाजी : मग चांगलाच असणार. काय होता?

लवू : आज्या, मी सांगू? मी विचारलंय की…

सर्वेश : लवू! कोणाला विचारलास तो?

लवू : तुका.

सर्वेश : मग तो माझा आहे. आज्याला नाही सांगायचा.

गुणाजी : बरं बाबा, तुझा. मी आपला भिंतीवर लागला की वाचीन.

सर्वेश : तेव्हा वाचा, अण्णा. सावकाश वाचा. तोवर माझ्याकडेच असू दे.

लवू : पप्पा, सोडू?

सर्वेश : सोड.